त्सुरीबोरीवरचा दिवस: गळापासून निखाऱ्यापर्यंत

जपानमध्ये मासे पकडून तिथल्या तिथे भाजून खायच्या तळ्यावर, म्हणजे ‘त्सुरीबोरी’वर, जाणार असाल, तर घरातून निघण्याआधी एक आकडा ठरवा: आपण सगळे मिळून किती मासे खाणार? काठी, गळ, आमिष, मीठ, निखारे हे सगळं तिथे मिळतं. हा आकडा मात्र आपणच घेऊन जायचा असतो. कारण अशा बहुतेक तळ्यांवर पकडलेला मासा परत पाण्यात सोडता येत नाही. गळाला लागला की तो तुमचा. त्याचे पैसे द्यायचे आणि तो खायचा किंवा घरी न्यायचा.

हा नियम जाचक वाटतो, पण त्यामागे कारण आहे. गळाने तोंड फाटलेला आणि हाताळताना अंगावरची बुळबुळ निघून गेलेला मासा तळ्यात सोडला तर त्याला बुरशी धरते, आणि दाटीने राहणाऱ्या माशांमध्ये रोग पसरायला तेवढं पुरतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन कुटुंबं होतो, चार मोठे आणि तीन मुलं. मासे पटापट लागत होते आणि मुलांना थांबवायचं कुणाच्या मनातच आलं नाही. दीड तासात 19 मासे झाले. त्यातले आठ खाल्ले. उरलेले अकरा उन्हाळ्याच्या दुपारी पुरेशा बर्फाशिवाय आणले आणि घरी पोचेपर्यंत त्यातले बरेच खराब झाले. ते टाकताना मला फार वाईट वाटलं. माझे बाबा देवगडच्या खाडीत गरवायला जायचे आणि चुलीला पुरतील एवढे लागले की काठी गुंडाळून घरी यायचे. ती शिस्त इथे त्याहून जास्त लागते, कारण खाडीत मासा मिळेल की नाही याची खात्री नसते, तळ्यात असते.

माझा हिशोब सांगते. मोठ्या माणसाला दोन, मुलाला एक, आणि घरी न्यायचेच असतील तर कुटुंबामागे दोन. तेवढ्यावर थांबायचं.

कुठल्या तळ्यावर जायचं

‘त्सुरीबोरी’ या एका शब्दात बऱ्याच वेगवेगळ्या जागा येतात आणि इथेच नवख्यांची फसगत होते. टोकियोतल्या इचिगाया स्टेशनच्या फलाटावरून खाली पाण्याच्या काठी ओळीने बसलेली माणसं दिसतात. तीही त्सुरीबोरीच, पण तिथे कार्प जातीचे मासे पकडून परत सोडतात. खाण्याचा प्रश्नच नाही. समुद्रात जाळ्यांचे चौकोन करून त्यात ‘ताई’ (समुद्री ब्रीम) वगैरे मासे सोडलेल्या जागा असतात. त्या चांगल्याच महाग पडतात आणि तिथे थोडा सराव असलेला बरा. ‘झाउओ’ नावाच्या उपाहारगृहांत तर टेबलांच्या शेजारीच हौद असतो, मासा पकडला की ढोल वाजवतात आणि तुम्ही सांगाल तसा शिजवून आणून देतात. पावसाच्या दिवशी लहान मुलांना घेऊन जायला ते छान आहे.

पण दिवसभराची सहल म्हणून मी सांगतेय ती डोंगरातल्या ट्राउटच्या तळ्यांबद्दल. त्यातही दोन प्रकार. एकात वाहत्या झऱ्याचं पाणी घेतलेले सिमेंटचे किंवा दगडी हौद असतात आणि माशागणिक किंवा वजनावर पैसे घेतात. दुसऱ्यात खऱ्या नदीचा एक टप्पा दगड रचून अडवलेला असतो, त्यात ठरावीक वेळाने मासे सोडतात आणि दिवसाचं एकरकमी शुल्क भरून ठरावीक संख्येपर्यंत मासे नेता येतात. ओकुतामा स्टेशनपासून चालत जाण्याजोगं हिकावाचं ट्राउट केंद्र या दुसऱ्या प्रकारातलं. लहान मुलं आणि पहिलीच वेळ असेल तर हौदवाली जागा निवडा. मोठी मुलं असतील, पाण्यात पाय घालून बसायला आवडत असेल, तर नदीवाली.

दोन्हीकडे मासेमारीचा परवाना लागत नाही. मोकळ्या नदीत गळ टाकायचा झाला तर मात्र त्या नदीच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा दिवसाचा पास घ्यावा लागतो. अडवलेल्या टप्प्याच्या वर किंवा खाली सरकून काठी टाकू नका.

टोकियोहून सर्वात सोपी वाट म्हणजे चुओ रेल्वेमार्गाने ओमेपर्यंत आणि तिथे गाडी बदलून ओकुतामाच्या दिशेने. शिंजुकूहून साधारण दोन तास धरा. ओमेच्या पुढे गाडीची दारं बटण दाबून उघडायची असतात. उतरताना दार आपोआप उघडेल म्हणून उभं राहिलात तर स्टेशन मागे पडेल. स्वतःची मोटार असेल तर फुजीच्या पायथ्याचं फुजिनोमिया सुरेख. डोंगरातून पाझरून येणाऱ्या थंडगार पाण्यामुळे हा भाग इंद्रधनुषी ट्राउटच्या पैदाशीत जपानमध्ये पहिला आहे.

ऋतू म्हणाल तर वसंत आणि शरद. ट्राउट थंड पाण्याचा मासा आहे. पाणी 10 ते 15 अंशांच्या आसपास असलं की तो भुकेला आणि चपळ असतो. ऑगस्टमध्ये ओबोनच्या सुट्टीत आणि एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या गोल्डन वीकच्या सुट्ट्यांत शक्यतो जाऊ नका, काठीला काठी लावून माणसं बसलेली असतात. काही जागा हिवाळ्यात बंद असतात आणि बहुतेकांना आठवड्यात एखादी सुट्टी असते, तेव्हा निघण्यापूर्वी पाहून घ्या. दुपारी 3 च्या सुमारास नवीन माणसं घेणं बंद होतं आणि भाजून देणं त्याहीआधी. सकाळी 10 ला तिथे असलं की दिवस नीट बसतो.

काय न्यायचं

रोख पैसे, कारण डोंगरातल्या लहान जागांवर कार्ड चालेलच असं नाही. मुलांसाठी कपड्यांचा एक जादा जोड. न घसरणारे बूट. एक जुना टॉवेल. घरी मासे न्यायचे असतील तर बर्फाच्या पिशव्या घातलेला छोटा थंड डबा. उन्हाळ्यात लांब बाह्यांचे कपडे, कारण स्वच्छ झऱ्यांच्या काठी ‘बुयो’ नावाची बारीक माशी चावते आणि ती जागा आठवडाभर सुजून खाजते.

जेवणाचा डबा नेता येतो का, हे विचारून घ्या. काही ठिकाणी बाहेरचं अन्न चालत नाही. चालत असेल तर भात न्या: ओनिगिरी (भाताचे वळलेले गोळे) किंवा सरळ डब्यात भात आणि लोणचं. गटात शाकाहारी मंडळी असतील तर त्यांची सोय घरूनच करायची, कारण तिथल्या सूपमध्ये आणि नूडल्समध्ये माशाचा अर्क असतोच.

खिडकीपाशी

आत शिरल्यावर आधी दराचा फलक पाहा. काठीचं भाडं, आमिष, माशाचा दर, साफ करण्याचे पैसे, भाजण्याचे पैसे हे बहुधा वेगवेगळे लिहिलेले असतात. माशामागे साधारण 400 ते 600 येन असा दर मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे आणि भाजायचे वर वेगळे. जिथे वजनावर दर असतो तिथे मोठा मासा लागला की आनंदाबरोबर बिलही मोठं होतं, म्हणून तसं आहे का ते आधीच विचारा.

एका जागेत दोन-तीन जातींचे मासे असतील तर हौदागणिक दर वेगळा असतो. ‘निजीमासु’ म्हणजे इंद्रधनुषी ट्राउट सर्वात स्वस्त आणि सर्वात हावरट. तो मूळचा इथला नव्हे, 1877 साली अमेरिकेहून त्याची अंडी आणली गेली आणि तेव्हापासून तो जपानी डोंगरांत रुळला. ‘यामामे’च्या कुशीवर अंगठ्याच्या ठशासारखे लांबट डाग असतात, तो लाजरा, पण चवीला नाजूक. ‘इवाना’ काळपट, पाठीवर पांढरे ठिपके, थंड पाण्यातला. पहिल्या दिवशी निजीमासु घ्या. हात बसला की शेवटचा एक मासा यामामेच्या हौदातला.

जपानी येत नसेल तरी तीन वाक्यं पुरतात. मासे साफ करून हवे असतील तर ‘साबाइते कुदासाइ’. मीठ लावून भाजून हवे असतील तर ‘शिओयाकी ओनेगाइ शिमासु’. घरी न्यायचे असतील तर ‘मोचिकाएरी दे’. मुलांना मासे मोजायला शिकवा: इप्पिकी, निहिकी, साम्बिकी, योन्हिकी, गोहिकी. मोजत राहिलं की घरून आणलेला आकडाही लक्षात राहतो.

गळ टाकताना

हातात येते ती बिनचाकाची साधी काठी. टोकाला तंगूस (नायलॉनचा दोरा) बांधलेला, त्यावर पाण्यावर तरंगणारा एक रंगीत बोंडा, खाली शिशाचा मणी आणि शेवटी गळ. या बोंड्याला ‘उकी’ म्हणतात. आमिष तीन तऱ्हांचं: पिठाचा गोळा, सामन माशाची गाबोळी आणि पांढऱ्या अळ्या. पीठ मुलांना सोपं जातं, पण पाण्यात लवकर विरघळतं. गाबोळीचा एक दाणा गळाच्या टोकात अलगद ओवला की माशाला नाही म्हणता येत नाही. दाणा जोरात टोचला तर फुटतो आणि नुसतं साल उरतं, म्हणून कडेने शिरा.

खोली नीट लावणं हे अर्धं काम. उकी तंगूसावर वरखाली सरकते. आमिष तळापासून वीतभर वर तरंगेल अशी ती लावा आणि मासे वर फिरताना दिसले तर उकी खाली सरकवून खोली कमी करा.

आता टाकायची पद्धत. काठी डोक्यावरून गरगर फिरवायची नाही. मागे कुणाचं तरी मूल उभं असतं. गळाच्या वरचा मणी डाव्या हाताच्या चिमटीत धरा, काठी पुढे करून तंगूस ताणा, आणि काठीचं टोक किंचित वर उचलत चिमूट सोडा. आमिष झोपाळ्यासारखं पुढे जाऊन आवाज न करता पाण्यात उतरतं. दोन-चार वेळा चुकेल, मग हात आपोआप शिकतो.

मग बसायचं. उभं राहायचं नाही, कारण स्वच्छ पाण्यातल्या माशाला काठावरची सावली दिसते. उकी आधी नुसती थरथरते. तेव्हा काही करू नका, मासा अजून चाखतोय. ती एकदम आत गेली किंवा बाजूला ओढली गेली की मनगटाने काठी वीतभर उचला. जोराने झटका दिला तर लहान माशाचं तोंड फाटतं, नाहीतर तो हवेतून उडून मागच्या झाडीत जातो. बाबा म्हणायचे, ‘माशाक सांगूचा, ओढूचा नाय.’ तंगूस ताठ ठेवून त्याला काठाकडे आणा आणि जाळीत घ्या.

गळ काढण्यापूर्वी हात ओले करा, किंवा ओल्या टॉवेलने मासा धरा. गळ ओठात असेल तर आला त्याच दिशेने मागे ढकलून सुटतो. घशात गेला असेल तर ओढू नका. तिथे गळ काढायची छोटी दांडी असते ती वापरा, किंवा सरळ तिथल्या माणसांना हाक मारा. माझ्या अनुभवात ती नेहमी धावत येतात.

मासे लागणं थांबलं तर जागा बदला आणि जिथे पाणी हौदात पडतं तिथे सरका. तिथे प्राणवायू जास्त आणि मासे प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात. आमिषही बदलून पाहा; गाबोळीला कंटाळलेला मासा अळीला येतो. तरीही नाहीच, तर दहा मिनिटं काठी बाजूला ठेवून चहा घ्या.

आणि आकडा पुरा झाला की काठ्या परत करा. मुलं रडतील. तेव्हा त्यांना लगेच पुढच्या कामाला लावा, ते काम मुलांना मासे पकडण्याइतकंच आवडतं.

साफ करणं

बहुतेक जागी थोडे पैसे दिले की साफ करून देतात. तरी एक तरी मासा स्वतः करा. पाण्याचा नळ, फळी आणि सुरी किंवा कात्री तिथे असते.

आधी मासा चटकन मारायचा. बादलीत तडफडत ठेवणं त्याच्यासाठी वाईट आणि चवीसाठीही. डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर काठीच्या दांड्याने एक नेमका फटका. मुलांनी पाहावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मुलीने सहाव्या वर्षी पाहिलं, थोडा वेळ गप्प राहिली, आणि त्या दिवशी जेवायला बसताना ‘इतादाकिमासु’ हा शब्द तिने हात जोडून, नेहमीपेक्षा हळू म्हटला. ‘मी हे स्वीकारते’ असा त्याचा अर्थ.

मग मीठ चोळून बुळबुळ काढा आणि धुवा. ट्राउटचे खवले इतके बारीक असतात की भाजायला ते काढावे लागत नाहीत. पोटाच्या मागच्या भोकापासून सुरी हलकेच घालून हनुवटीपर्यंत चिरा; खोल गेली तर पित्त फुटतं आणि मांस कडवट होतं. कल्ले दोन बोटांनी धरून उपटले की आतडी त्यांच्याबरोबरच बाहेर येतात.

यापुढची गोष्ट लोक विसरतात. पोट रिकामं झाल्यावर आत पाठीच्या कण्याला लागून एक गडद लाल पट्टी दिसते, वर पातळ पापुद्रा असतो. पापुद्र्याला सुरीने चीर द्या आणि वाहत्या पाण्याखाली अंगठ्याचं नख शेपटीकडून डोक्याकडे ओढत न्या. काळसर रक्त गुठळ्यांनी निघून येतं आणि खाली मोत्यासारखा पांढरा कणा दिसू लागतो. माशाला वास येतो तो बहुतेक या पट्टीचा. पाणी स्वच्छ होईपर्यंत घासा, मग आतून-बाहेरून अगदी कोरडा पुसा. ओला मासा भाजत नाही, वाफवतो.

मीठ, सळई, निखारे

शिओयाकी म्हणजे फक्त मीठ आणि विस्तव. त्यात ना सोया सॉस, ना मद्य. खाण्याची काही पथ्यं असणाऱ्यांनाही म्हणूनच ती सोयीची.

सळईत ओवायची तऱ्हा अशी: डोळ्याच्या खालून सळई घाला, कण्याच्या पलीकडे न्या, पुन्हा अलीकडे आणा आणि शेपटीजवळ शेवट करा. ताटात जी बाजू वर दिसणार त्या बाजूने सळईचं टोक बाहेर येऊ द्यायचं नाही. मासा नागमोडी होतो, प्रवाहाविरुद्ध पोहत असल्यासारखा. हे केवळ दिसायला नसतं. असा ओवलेला मासा मऊ झाला तरी सळईवर गरगर फिरत नाही.

मीठ वीत-दीड वीत उंचीवरून भुरभुरवा, म्हणजे सारखं पसरतं. मग शेपटी आणि पंखांना चिमटीने जाडसर मीठ दाबून लावा. पांढऱ्या मिठाचा हा थर पंख जळू देत नाही. अंगावरचं मीठ बेताचं, पंखांवरचं सढळ.

विस्तवाबद्दल जपानी स्वयंपाकात एक म्हण आहे: विस्तव जोराचा, पण लांबचा. ज्वाळा नकोत, राख धरलेले लाल निखारे हवेत. सळया डोकं खाली करून निखाऱ्यांच्या कडेने रोवतात. माशाचं पाणी आणि तेल खाली डोक्याकडे उतरतं, थेंबाथेंबाने तोंडातून टपकतं, आणि स्वतःच्याच तेलात डोकं कुरकुरीत तळून निघतं. अशा भाजणीला 30 ते 40 मिनिटं लागतात. घाई करू नका. डोळा पांढरा झाला, टपकणं थांबलं आणि कातडी सोनेरी होऊन फुगली की झालं. भाजायला देणार असाल तर पहिले मासे लागताच देऊन टाका, म्हणजे वाट पाहावी लागत नाही.

गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाऊ नका, घरी तर मुळीच नाही. परजीवींचा धोका असतो.

मसाला लावायचा मोह मला पहिल्यांदा झाला होता. डब्यात तिखट आणि आगळ घेऊनच गेले होते. पण वाहत्या थंड पाण्यातल्या ट्राउटला चिखलाचा वास नसतो आणि झाकावं असं त्यात काही नाही. पहिला मासा नुसत्या मिठाचाच खा, हवं तर लिंबू पिळा. सळईवरून हातात धरून पाठीकडून सुरुवात करा. ताटात घेतलात तर चॉपस्टिकने अंगावर सगळीकडे हलके दाबा, शेपटी मोडा, आणि मान सैल करून डोकं हळूच ओढा. नीट भाजला असेल तर अख्खा कणा सरळ निघून येतो.

घरी नेताना

उरलेले मासे पोटं साफ करूनच न्यायचे. आतडी आत राहिली तर दोन तासांच्या प्रवासात मासा बिघडतो. कोरडे पुसा, कागदात गुंडाळा, दोन पिशव्यांत घाला आणि बर्फाच्या मध्ये ठेवा, वर नुसता ठेवून भागत नाही. गाडीत डबा पायाशी, झाकण पक्कं. कचरा आपल्याबरोबर.

घरी आल्यावर मात्र आपला मसाला. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी माशाला तिरक्या चिरा देऊन हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून अर्धा तास ठेवा. टोकियोतल्या निशी-कसाईच्या भारतीय दुकानांत रवा सहज मिळतो. त्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळून मासा घोळवा आणि मंद आचेवर, बेताच्या तेलात तळा. ट्राउटचं मांस बांगड्यापेक्षा मऊ असतं, म्हणून एकदाच उलटायचा, आणि तेही खालची बाजू तव्यापासून आपणहून सुटल्यावर.